जिभेचा कातळ

नांदखोलची देवराई वरच्या अंगाला जिथे संपते, तिथे एक उघडाबोडका कातळ आहे. त्याला जिभेचा कातळ म्हणतात. चैत्रात सगळा डोंगर करपलेला असताना या काळ्या दगडावर आमरीच्या, म्हणजे रानातल्या ऑर्किडच्या, पांढऱ्याशुभ्र फुलांचे झुबके उभे राहतात. पान मात्र एकही नसते. शहरात आमरी लावणारी हौशी माणसे ती बघायला येतात, तेव्हा गावातले गुणाजी गवस त्यांना वर नेतात आणि आधी नावे शिकवतात. बुडाशी जो जाड, पेरापेरांचा दांडा असतो, ती शिदोरी. दगडाला धरून असलेली पांढरी मुळे, ते हात. फुलाची पुढे आलेली पाकळी, ती जीभ. "तुमच्या पुस्तकात दुसरे शब्द असतील, ते तुमच्या घरी," असे ते हसून सांगतात. पण कोणी आमरीला बांडगूळ म्हटले, की हसणे थांबते. हे शब्द एका बाईने भांडून मिळवले, असे सांगतात.

तिचे नाव आवडी. तिचा नवरा बैलांच्या तांड्याबरोबर मीठ आणायला घाट उतरला तो परतलाच नाही. वाटेत तापाने गेला म्हणे. पोटी मूल नव्हते. आवडी दिराच्या घरी राबत राहिली. भात लावला, मळणी केली, जावेची बाळंतपणे काढली. तरी तिच्या पानात वाढले जाताना दीर, धाकोजी, म्हणायचाच, "झाडावरचं बांडगूळ परवडलं. त्याला वाढावं तरी लागत नाही." आवडी खाली मान घालून जेवायची.

एका वर्षी देवराईतल्या देवीच्या ऐनाच्या झाडाची मोठी फांदी वाळली. गावाचा कारभार पाहणाऱ्या सोमाजी गावकराने झाडाखाली गाव जमवला. "या आमऱ्या देवीच्या झाडाचा रस पितात," तो म्हणाला. "सगळी बांडगुळं उपटा." माणसे कोयते घेऊन वर चढली. आमरीचे गड्डे धपाधप खाली पडू लागले. धाकोजीने संधी साधली. "गावकर, गाव देवीचं झाड साफ करतोय. मी माझं घर साफ केलं तर चालेल ना?" त्याची नजर आवडीवर होती. कोणीतरी फिदीफिदी हसले. गावकर 'नाही' म्हणाला नाही.

आवडीच्या पायाशी एक गड्डा येऊन पडला होता. तो तिने उचलला. ही वनस्पती झाडाचा रस पिते की नाही, हे तिलाही माहीत नव्हते. तिला फक्त त्या शब्दाची चीड आली होती.

"थांबा," ती म्हणाली. गावच्या बैठकीत तिचा आवाज त्याआधी कोणी ऐकला नव्हता. "झाडाशिवाय हे जगतं का बघू. वरच्या कातळावर लावते. मीही तिथंच राहीन, कोणाच्या चुलीचा घास घेणार नाही. हे मेलं, तर घाट उतरून जाईन, पुन्हा तोंड दाखवणार नाही. जगलं, तर कोयते खाली ठेवायचे. आणि तो शब्द पुन्हा उच्चारायचा नाही. हिलाही नाही, मलाही नाही."

"कातळावर कुसळ उगवत नाही, बाई," सोमाजी म्हणाला.

"मग तुम्हाला भ्यायचं कारण काय?"

गावकराला सगळ्यांसमोर माघार घेता येईना. देवीच्या पायरीवर हात ठेवून त्याने पैज मान्य केली.

पदराची चिंधी फाडून आवडीने गड्डा कातळाच्या खाचेला बांधला. ती कंदमुळे उकरून खाई, झऱ्याचे पाणी पिई. थंडी सरता सरता आमरीची पाने पिवळी पडून गळाली. मग दांडे सुरकुतले, म्हातारीच्या बोटांसारखे झाले. धाकोजी खालून ओरडायचा, "मेलं ना? उतर आता!" ती वरून ओरडायची, "माझं मी बघते!" पण तो गेला की तिचा धीर सुटे. रागाच्या भरात आपण या मुक्या जिवाचाही बळी घेतला, असे वाटून ती रडे.

एके सकाळी तिने दांडा चाचपला. वरून सुरकुतलेला असला तरी आत ओल होती. "अगं, तू तर शिदोरी बांधून आलीस," ती म्हणाली. मग तिने गड्डा हलवून पाहिला. हलेना. मुळे चिंधीच्या बाहेर येऊन दगडाला घट्ट धरून बसली होती. "हात आहेत की तुला!" आवडीने चिंधी सोडून टाकली. त्या दिवसानंतर ती रडली नाही, असे सांगतात.

चैत्रात त्या निष्पर्ण दांड्यांवर फुले आली. आवडीने हाका मारून गाव गोळा केला. सोमाजी धापा टाकत वर आला आणि काही लबाडी आहे का, ते वाकून पाहू लागला. म्हातारी जनाआत्या मागून खिदळली, "सोमाजी, बघतोस काय? जीभ दाखवतंय ते तुला!" सारा गाव हसला.

धाकोजी पुढे झाला. "वहिनी, झालं गेलं विसरा. घरी चला."

"नाही, भावोजी. मी इथंच राहणार."

"कोणाच्या आधारावर?" गावकराने विचारले.

"तुम्ही कोणाच्या आधारावर राहता? या डोंगराच्या, या पाण्याच्याच ना? राहू का, म्हणून कधी विचारलंत त्यांना?"

सोमाजीने डोक्यावरचे पागोटे काढले, म्हणे, आणि मान लववून विचारले, "राहू का?" आवडीने त्याला बराच वेळ तसेच उभे ठेवले. मग म्हणाली, "रहा. पण कोणाला उपटू नका."

आजही चैत्रात गावकर घराण्याचा कर्ता पुरुष अनवाणी कातळाखाली येऊन हेच विचारतो. वर गावातली एकटी राहणारी एखादी बाई बसलेली असते. उत्तर कधी द्यायचे, ते तिच्या मर्जीवर. गेल्या वर्षी गुणाजींची विधवा बहीण शेवंता बसली होती. ऊन डोक्यावर आले, गावकराचे पाय भाजू लागले, तरी ती बोलेना. शेवटी गुणाजी स्वतः तिची समजूत घालायला वर गेले.

"आवडीला किती महिने बसवलं होतं?" शेवंताने विचारले. तिने तांब्यातले पाणी सावकाश पिऊन संपवले, पदराने तोंड पुसले, आणि मगच खाली पाहून म्हणाली, "रहा."