कचेरीच्या भिंतीवरचा डाग

"दर्शनी भिंतीवर आमचं चित्र हवं!" नवी कचेरी उभी राहिली तसा उदाजीराजांनी हुकूम सोडला. "एक जरी खोट निघाली, तर चितारी बायकापोरांसकट गावाबाहेर!"

खोट काढायला दरबारातले त्र्यंबकपंत टपलेलेच होते. हा गृहस्थ पुरणपोळीच्या गोलाईलाही नावं ठेवायचा. तीन चितारी त्यांनी हाकलले होते. एकाने मिशी आखूड काढली, दुसऱ्याचा घोडा रोडका निघाला आणि तिसऱ्याचा सूर्य म्हणे राजांपेक्षा जास्त चमकत होता!

चौथी पाळी भिकू चिताऱ्याची. चित्र झकास उतरलं, पण म्हातारा कुंचले आवरू लागला. "म्हाळसे, गाठोडं बांध. पंत काही सोडायचा नाही!"

म्हाळसा, त्याची लेक, रंग खलत होती. गाव सुटणार म्हणून तिला वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त तिला पंतांचा राग आला होता. "बाबा, तुम्ही जरा घरी जाऊन पडा," ती म्हणाली आणि काजळाची डबी घेऊन शिडीवर चढली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत भर दरबारात चित्रावरचा पडदा सरला. राजांच्या गालावर हा एवढा काळा ठिपका! पंत टुणकन उडाले. "डाग! महाराज, डाग!"

"पंत, आणखी काही खोट?" म्हाळसाने विचारलं.

"आणखी कशाला हवी? बाकी चित्राला नाव ठेवायला जागा नाही, म्हणून तर हा डाग डोळ्यांत खुपतोय!"

"ऐकलंत ना, महाराज? बाकी चित्र बिनखोट आहे, खुद्द पंत सांगताहेत! आणि हा डाग नव्हे, ही तीट आहे. देखण्या लेकराला तीट लावल्याशिवाय कुठली आई दाराबाहेर काढते? त्यातून इथे तर पंतांची नजर! आता पंतांनीच सांगावं, महाराज देखणे आहेत ना? नसतील तर आत्ता पुसते!"

पंतांनी घाईघाईने होकारार्थी मान डोलावली.

बांबूच्या चिकाच्या पडद्याआडून राजमाता खुदकन हसल्या. "सात वर्षांचा होईपर्यंत मीच लावत होते हो! केवढा रडायचा!"

मग मात्र राजे पोट धरधरून हसले. "पोरी, उरलेल्या तिन्ही भिंती तुझ्या बापाच्या! गावातलं घरही पक्कं बांधून देतो. आणखी काय हवं, बोल!"

"तीन भिंती म्हणजे रंग फार लागेल, महाराज. खलायला माणूस हवा."

"पंत," राजे डोळे पुसत म्हणाले, "उद्या सकाळी लवकर या!"