दोन कळांचा खेळ

पुष्कळ वर्षं झाली, इतकी की मोजणारेही आता उरलेले नाहीत. तेव्हा एका राज्यात चेंडूजाळीचं भलतंच वेड होतं. मैदानाच्या मधोमध कमरेएवढी जाळी बांधायची, दोन बाजूंना दोघांनी उभं राहायचं आणि तात ताणून विणलेल्या थापीने चेंडू इकडून तिकडे मारत राहायचा. ज्याला परतवता आला नाही, तो हरला. खेळ एवढाच. पण संध्याकाळ झाली की गावोगाव चेंडूची टपटप सुरू व्हायची आणि चुलीवरचं कालवण करपेपर्यंत ती थांबायची नाही.

त्या राज्याचा राजा या खेळात सगळ्यांत तरबेज होता. मी त्याला चांगला राजा म्हणतो, ते त्याने बांधलेल्या रस्त्यांमुळे किंवा तळ्यांमुळे नव्हे. त्याला हरलेलं चालायचं, म्हणून. बागेतल्या माळ्याने हरवलं तर तो माळ्याची पाठ थोपटायचा आणि वचपा काढायला दुसऱ्या दिवशी त्याच्या आधी मैदानावर हजर व्हायचा.

एके दिवशी हा राजा घोड्यावरून पडला आणि त्याचा खुबा मोडला. वैद्यांनी हाड जुळवलं, पण सांगितलं, "महाराज, काठी घेऊन चालाल. धावणं मात्र आता नाही."

राजाने ते शांतपणे ऐकून घेतलं. मैदानाकडची खिडकी त्याने बंद करायला लावली, आतल्या महालात जाऊन बसला आणि बसूनच राहिला. ताटातलं अन्न ताटातच राहू लागलं. दरबारी मंडळी सोंगट्यांचा पट घेऊन त्याचं मन रमवायला जात आणि मुद्दाम हरत. तिसऱ्या दिवशी राजाने पट उधळून दिला.

"मला हरवणारा माणूस हवा," तो म्हणाला. "मुद्दाम हरणारे माझ्याकडे पोत्याने आहेत."

वैद्यांनी राणीला बाजूला घेतलं. "राणीसाहेब, हाड भरेल. पण महाराज असेच जगण्याकडे पाठ करून बसले, तर पुढचा उन्हाळा पाहायचे नाहीत."

राणी घाबरली. पण नुसती रडत बसणारी ती नव्हती. तिने लाकूड कातून खेळणी करणाऱ्या कारागिराला, म्हणजे राज्यातल्या सर्वांत नामांकित काताऱ्याला बोलावणं धाडलं.

"चेंडूजाळी पाटावर उतरवा," ती म्हणाली. "महाराज बसून खेळतील. समोर पहारेकरी, मोलकरीण, माळी, कुणीही बसेल. पण दोन गोष्टी सांभाळा. बसणाऱ्याला पहिल्याच दिवशी खेळता आलं पाहिजे, नाहीतर महाराजांसमोर बसायला कुणी धजणार नाही. आणि महाराजांना शंभराव्या दिवशीही कंटाळा येता कामा नये. एवढा मोठा खेळाडू पोरखेळात रमायचा नाही."

"एवढंच ना!" कातारी म्हणाला. असं म्हणणाऱ्यांची पुढे काय गत होते, ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता या कातारी लोकांच्या आळीत एक रीत होती. खेळण्याला किती कळा आहेत, त्यावर कारागिराचा मान ठरायचा. कळ म्हणजे ओढायची किंवा दाबायची दांडी, जिने बाहुली हलते. शिष्याच्या कामात गुरूपेक्षा एक तरी कळ जास्त हवी, असा दंडक होता. आपल्या काताऱ्याच्या गुरूने दहा कळांचा नाचरा मोर केला होता. म्हणजे याला अकरा हव्यातच. त्या कुणाला आणि कशाला हव्यात, हे विचारायची पद्धत आळीत नव्हती.

दोन महिने खपून त्याने पाट केला. पाट मधोमध उंच आणि दोन्ही टोकांकडे उतरता, म्हणजे चेंडू आपसूक घरंगळत खेळणाऱ्याकडे यावा. दोन्ही टोकांना थापी घेतलेली एकेक बाहुली. चेंडू मधला उंचवटा पार करून पलीकडे गेला पाहिजे, आणि फार जोरात जाऊन पाटावरून खालीही पडता कामा नये. इथवर काम झकास होतं. पण प्रत्येक बाहुलीला कळा अकरा! मनगटाची वेगळी, कोपराची वेगळी, खांद्याची वेगळी, गुडघ्यांच्या दोन, मान वळवायचीसुद्धा एक. आळीतली म्हातारी मंडळी पाहायला आली आणि त्यांनी तोंडात बोटं घातली. त्यांतले सर्वांत वडील कारागीर म्हणाले, "गुरूचं नाव काढलंस, बाबा!"

महालात मात्र वेगळंच घडलं. राजासमोर पहारेकऱ्यांचा नाईक बसला. त्याला ओढायचं होतं मनगट, ओढला गेला खांदा, आणि बाहुलीने थापी स्वतःच्याच कपाळावर मारून घेतली. चेंडू केव्हाच घरंगळून खाली पडला होता. राजा जिद्दीचा. त्याने आठ दिवस घासून तीन चेंडू लागोपाठ मारायचं साधलं. पण समोरच्यांपैकी एकालाही एकदासुद्धा चेंडू परतवता येईना, आणि नवव्या दिवशी समोर बसायला कुणी आलंच नाही.

"काम सुंदर आहे," राजा काताऱ्याला म्हणाला. "पण मला खेळायचं होतं. माग चालवायचा नव्हता."

कातारी चिडला. लोकांनाच अक्कल नाही, असं तो वाटेत स्वतःशी दहादा तरी म्हणाला असेल. मग रागाच्या भरात दुसऱ्या टोकाला गेला. पाटाला खाच पाडली, म्हणजे चेंडू थेट बाहुलीपाशीच येईल, आणि कळ ठेवली एक. दाबली की चेंडू परत.

महालात आनंदीआनंद झाला. जो तो खेळून पाहू लागला. तीन दिवस महालात गर्दी हटेना. चौथ्या दिवशी मुदपाकखान्यात भाकऱ्या थापणारी ठकूबाई राजासमोर बसली. राजाराणीची नावं या गोष्टीला लागत नाहीत, पण हिचं नाव त्या राज्यात लोक अजून घेतात. ठकूबाई दाराशी उभ्या असलेल्या बाईशी वांग्यांच्या भरताबद्दल बोलत होती, पाटाकडे बघतही नव्हती आणि कळ दाबत होती. चेंडू जात होता, येत होता. घटकाभराने राजाने हात काढून घेतला.

"यात कुणी हरतच नाही," तो म्हणाला. "मग जिंकायचं काय?"

तो भिंतीकडे तोंड करून निजला. त्या दिवशी त्याने दूधही परत पाठवलं. वैद्यांनी राणीकडे नुसतं पाहिलं, आणि ते पाहणं तिला पुरेसं होतं.

कातारी घरी येऊन अंगणात डोकं धरून बसला. त्याची बायको सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिने सूप त्याच्यापुढे सरकवलं.

"बसलाच आहात तर घ्या, पाखडा."

"मला कुठे येतं?"

"येतं. वर उडवायचं, झेलायचं."

त्याने पाखडलं. थोडा कोंडा उडाला, मूठभर तांदूळ अंगणात सांडले, पण बरेचसे सुपातच राहिले. "जमलं की गं!" तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं.

"जमणारच," ती म्हणाली आणि तिने सूप परत घेतलं. तिच्या हातात तेच सूप भलतंच शहाणं झालं. कोंडा वाऱ्यावर गेला, खडे एका कोपऱ्यात आले, कण्या पुढे सरकल्या, अख्खे तांदूळ मागे राहिले. कातारी पाहतच राहिला.

"अगं, किती तऱ्हांनी हात हलवतेस?"

"एकाच. वर आणि खाली. तुम्ही हलवलात तसाच."

"मग एवढा फरक कसा पडतो?"

"कधी उडवायचं आणि कधी थांबायचं, त्यात आहे सगळं," ती म्हणाली. "वीस वर्षं झाली, अजून शिकतेय."

कातारी उठला तो थेट कामाला लागला. पाटावरची खाच त्याने बुजवली. प्रत्येक बाजूला फक्त दोन कळा ठेवल्या. डाव्या हाताच्या कळेने बाहुली आडवी सरकायची, उजव्या हाताची दाबली की तिची थापी मागे जायची आणि सोडली की फटका बसायचा. नुसती पटकन दाबून सोडली तरी चेंडू उंचवटा ओलांडून हळूच पलीकडे जायचा, म्हणजे नवख्याचीही लाज राहायची. पण कळ जितकी जास्त वेळ दाबून धराल, तितका फटका जोराचा. जास्तच धरलीत तर चेंडू पाटाबाहेर, किंवा सोडायला उशीर होऊन बाहुलीच्या मागे. जरा आधी सोडली तर चेंडू डावीकडे जायचा, जरा उशिरा सोडली तर उजवीकडे. गुडघे वाकणं, मान वळणं, मनगट फिरणं, हे सगळं आता पाटाखालच्या बांबूच्या पट्ट्या आणि वजनं आपली आपण सांभाळत होती. ते बसवताना कातारी रडकुंडीला आला. अकरा कळांचा पाट करताना त्याला याच्या निम्मेही कष्ट पडले नव्हते.

आळीतले वडील कारागीर पाहायला आले. त्यांनी कळा मोजल्या, मग पुन्हा मोजल्या.

"दोनच?"

"बाकीच्या नऊ आहेत की, काका. पाटाखाली आहेत. त्या ओढाव्या लागत नाहीत, एवढंच."

"न दिसणाऱ्या कळा कोण मोजणार? अरे, तुझ्या गुरूच्या मोराला दहा होत्या. हे घेऊन महालात गेलास तर आळीची अब्रू जाईल."

कातारी दुखावला. खोटं कशाला बोलू, त्यालाही दोन हा आकडा बोचतच होता. त्याने पाटावर कापड टाकलं आणि दोन दिवस तिकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी महालातला पाणक्या रस्त्यात भेटला. "महाराज आता ताकसुद्धा घेत नाहीत," तो म्हणाला. ते ऐकून कातारी घरात गेला, कापड ओढून काढलं आणि पाट डोक्यावर घेऊन भर दुपारी आळीतून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, महालाकडे निघाला.

राजा राणीच्या आग्रहाखातर उठून बसला. समोर तोच नाईक. नाईकाने घाबरत कळ दाबली आणि सोडली. चेंडू पलीकडे गेला. "गेला!" नाईक ओरडला आणि राजापुढे ओरडलो म्हणून जीभ चावली. राजाने चेंडू परतवला. नाईकाने पुन्हा मारला. पाच-सहा वेळा असं झाल्यावर राजाने कळ क्षणभर जास्त धरली, आणि चेंडू सणसणत नाईकाच्या बाहुलीच्या बगलेतून निघून गेला.

"हं," राजा म्हणाला, आणि त्याने पाठीमागचा लोड दूर सारला.

त्या दिवसापासून महालात समोर बसणाऱ्यांची रांग लागू लागली. राजा रोज काहीतरी नवं शोधून काढायचा. कधी जोराचा फटका दाखवून हलकाच टोला द्यायचा, कधी समोरच्याला एका कडेला ओढून दुसऱ्या कडेला चेंडू टाकायचा. महिना झाला, पण त्याला हरवणारा काही भेटेना. राणीला पुन्हा धास्ती वाटू लागली, कारण जिंकून जिंकून राजाचा चेहरा परत उतरत चालला होता.

मग एका दुपारी पिठाने माखलेले हात पदराला पुसत ठकूबाई आली. या खेपेला ती भरताबद्दल बोलली नाही. ती पाटाकडे नाही, चेंडूकडेही नाही, राजाच्या उजव्या अंगठ्याकडे बघत होती. राजाचा अंगठा कळेवर किती वेळ राहतो, त्यावरून चेंडू कुठे येणार ते तिला आधीच कळत होतं. महिनाभर रांगेत मागे उभी राहून तिने तेवढं एकच पाहिलं होतं. तिची बाहुली चेंडूच्या आधी जागेवर पोचायची. राजा जोर लावायचा, ती कळ हळूच सोडून चेंडू उंचवट्याच्या अगदी काठावरून पलीकडे धाडायची. शेवटचा चेंडू राजाच्या बाहुलीसमोरून रमतगमत गेला आणि खाली पडला.

नाईकाने डोळे मिटून घेतले. राजाने पडलेला चेंडू उचलून हातात घेतला.

"ठकूबाई," तो म्हणाला, "कसं केलंस हे?"

"ते नाही सांगायची, महाराज," ठकूबाई म्हणाली. "तुम्हीच शोधा."

राजा हसला. आधी गालातल्या गालात, मग मोठ्याने, मग खुब्याला कळ लागेपर्यंत. दाराआड उभ्या असलेल्या राणीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि तिने ते पुसलंही नाही.

"शोधतो," राजा म्हणाला. "पण उपाशीपोटी सुचायचं नाही मला. जा, आधी दोन भाकऱ्या घेऊन ये, आणि मग बस पुन्हा समोर."

राजा त्यानंतर वीस वर्षं जगला. दुसऱ्या दिवसापासून दरबार भरू लागला, निवाडे होऊ लागले, पण दुपार मात्र पाटाची. ठकूबाईची युक्ती त्याला अकराव्या दिवशी सापडली. तोवर तिने दुसरी शोधली होती. पुढे घरोघर तसे पाट झाले. पहिल्यांदा बसणारा प्रत्येक जण "जमलं की!" म्हणायचा आणि म्हातारे होईपर्यंत खेळलेले लोक "अजून जमत नाही" म्हणायचे. दोघेही खूश असायचे.

तात्पर्य: गुंता करणाऱ्याने तो आपल्याकडे ठेवावा आणि दुसऱ्याच्या हाती सोपेपण द्यावं, म्हणजे त्यातली खोली ज्याचा तो शोधून काढतो.