मरळ, चिंधीचा बेडूक आणि म्हैस

एका गावात एक जाळेकरी राहत होता. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर तिथली माणसं येऊन खरं काय घडलं ते सांगतील, आणि चांगली गोष्ट उगाच बिघडेल.

जाळेकऱ्याचं नाव झुंबर घटे. त्यानं जाळं फेकलं की ते पाण्यावर भाकरीसारखं गोल पडायचं. एकदा त्यानं सहज म्हणून वर आभाळात जाळं भिरकावलं, तर खाली येताना त्यात एक ढग अडकून आला आणि गावाला दोन दिवस सावली मिळाली. दोन दिवस जास्त वाटत असतील, तर एक धरा.

पुढे नदीवर धरण झालं. पाणी चढलं आणि काठावरचं बाभळीचं बन बरंचसं बुडालं. मोकळ्या पाण्यात झुंबरला पोटापुरते मासे मिळत राहिले. पण मरळ मिळेना. मरळ म्हणजे काळपट पाठीची, सापासारख्या डोक्याची मोठी हुशार मासळी. ती जाऊन बसली बुडालेल्या बाभळींच्या बुंध्यांपाशी. झुंबरनं तिथं जाळं टाकायचं आणि बाभळींनी ते फाडून परत द्यायचं, असं चालू झालं.

आणि नेमकी मरळच त्याला हवी होती. त्या गावाची एक रीत होती. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की तिच्या पहिल्या जेवणात मरळीचं कालवण असायचं, आणि ती मरळ बापानं स्वतःच्या हातानं धरलेली असायची. विकत घेतलेली चालत नसे, शेजाऱ्याची तर मुळीच नाही. मरळ पाण्यात ठेवली तर बरेच दिवस जगते. म्हणून लेकीला दिवस गेल्याचं कळलं की बाप अंगणात पाण्याचा रांजण भरून ठेवायचा, आणि येणारा-जाणारा आत डोकावून बघायचा.

माघ सरताना जावयाचा निरोप आला. "वैशाखी पौर्णिमेला सुगंधाला आणून पोहोचवतो."

झुंबरनं रांजण भरला. पारावर जाऊन सगळ्यांसमोर छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "उद्यापासून गळ शिकतो. पंधरा दिवसांत या भागातली सगळ्यात मोठी मरळ आणतो. तोवर दाढीला वस्तरा लावणार नाही!"

"गळ?" शेजारचा ठकाजी हसला. "परवापर्यंत तूच म्हणत होतास ना, गळ टाकणं हे रिकामटेकड्यांचं काम म्हणून?"

झुंबर रोज पहाटे गळ घेऊन जायचा आणि दुपारी तसाच परत यायचा. पंधरा दिवस गेले. महिना गेला. मरळ आली नाही, दाढी मात्र जोरात आली. इतकी की एका चिमणीनं तिच्यात दोन काड्या ठेवून जागा धरून ठेवली. रांजणात डोकावणाऱ्यांना आत स्वतःचंच तोंड दिसायचं.

त्या घरात झुंबरची सासू गजराबाई येऊन राहिल्या होत्या. नातीच्या बाळंतपणासाठी त्या तीन महिने आधीच आल्या, म्हणजे तयारीला वेळ मिळावा. वय सत्तरीपुढचं. गळ टाकण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण झुंबरनं कधी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

एका सकाळी झुंबर त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. मान खाली. दाढी त्याहून खाली.

"मामी, मला गळ शिकवा."

गजराबाई सुपारी कातरत होत्या. "कशाला, जावईबापू? हे तर रिकामटेकड्यांचं काम."

"चुकलो, मामी."

"बरं. संकल्प काय केलाय?"

"मोठी मरळ धरायची."

"ते मरळीचं झालं. तिला वाटलं तर ती येईल. तुम्ही काय करणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे या आठवड्यात तुम्ही कोणती एक गोष्ट शिकणार? अशी सांगा, की ती न जमण्याचा दोष मरळीला देता येणार नाही."

झुंबरनं दाढी खाजवली. चिमणी उडाली.

गजराबाई उठल्या. जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंधीत कापूस भरून त्यांनी एक बेडूक शिवला, पोटाखाली गळाचा आकडा लपवला आणि मागे दोन लोंबते पाय सोडले. बेडूक इतका हुबेहूब झाला की गावातले खरे बेडूक संध्याकाळी येऊन त्याची चौकशी करून गेले.

"पहिला आठवडा," गजराबाई म्हणाल्या, "पाण्याकडे जायचं नाही. अंगणात परात ठेवते. वीस पावलांवरून बेडूक परातीत पडला पाहिजे. दहांत सात वेळा."

पहिल्या दिवशी बेडूक परात सोडून सगळीकडे पडला. चुलीवर पडला, कोंबड्याच्या तुऱ्यावर पडला, ठकाजीच्या ताटात पडला. सातव्या दिवशी दहांत सात वेळा परातीत पडला. झुंबरनं कोळशानं रांजणावर एक रेघ ओढली. ती रेघ त्यानं त्या दिवशी चार वेळा जाऊन पाहिली.

"दुसरा आठवडा. परातीत पाणी भरते आणि पाठ करून बसते. मला आवाज आला तर ती फेक धरायची नाही."

गजराबाईंचे कान असे की मुंगीला ठेच लागली तरी त्यांना ऐकू जायचं. तरी दुसरी रेघ पडली.

तिसऱ्या आठवड्यात गळ घरी ठेवायचा होता. नुसतं काठावर, बाभळीच्या सावलीत आपली सावली लपवून बसायचं आणि मरळीबद्दल रोज एक नवी गोष्ट जाणून घ्यायची. झुंबरला वाटलं, तीस वर्षं मासे धरतोय, मला काय नवं कळणार? पहिल्याच दिवशी तो धावत घरी आला.

"मामी! मरळ श्वास घ्यायला वर येते! तोंड बाहेर काढून हवेचा घोट घेते आणि जाते!"

"तीस वर्षं नव्हतं का दिसलं?"

"जाळं पाण्यात पडेपर्यंतच मी पाण्याकडे बघायचो हो. नंतर सगळं लक्ष दोरीवर."

मग त्याला खोडच लागली. ती दुपारी त्याच वाकड्या बुंध्याखाली का बसते? वारा पडला की काठाकडे का येते? खरा बेडूक पोहता पोहता मध्येच थांबतो तो कशासाठी? जेवताना तो भाकरीचा तुकडा आमटीत तसाच थांबवून थांबवून फिरवायचा. बायको दुर्पदा म्हणाली, "आई, यांना मासे धरायला शिकव म्हटलं होतं. तू तर यांना बेडूक करून ठेवलंस." तिसरी रेघ पडली त्या दिवशी दाढी वाढवल्याचं झुंबर विसरूनही गेला होता.

या सगळ्या काळात घरात दोन विचित्र गोष्टी घडत होत्या. परसातली म्हैस गजराबाईंना पाहिलं की दचकायची आणि दूध चोरायची. आणि झुंबरची फाटकी जाळी खुंटीवरून नाहीशी होऊन दोन दिवसांनी शिवून परत यायची. पण घरात एवढी मोठी काळजी असताना म्हशीकडे कोण बघतो?

पौर्णिमा आठ दिवसांवर आली. ठकाजी रांजणात डोकावून म्हणाला, "रेघा छान आल्यात, झुंबर. लेकीला रेघांचंच कालवण कर."

हे झुंबरला लागलं. गजराबाईंना न सांगता तो गळ घेऊन निघाला. वाकड्या बुंध्याजवळ पाण्यावर तरंगणाऱ्या एका पानावर त्यानं बेडूक टाकला. अगदी अलगद, आवाज न होता. पानावरून पाण्यात सरकवला. थांबवला. आणि खालून पाणी फुगलं. मांडीएवढी जाड मरळ वर आली आणि तिनं बेडूक तोंडात धरला.

झुंबरनं झटका मारला.

मरळ बेडूक नुसता ओठांत धरून होती. तिनं तो सोडून दिला. चिंधीचा बेडूक हवेतून सणसणत गेला आणि मागच्या बाभळीवर समाधी लावून बसलेल्या बगळ्याच्या कानाखाली बसला. त्या बगळ्यानं त्यानंतर मासे सोडले आणि तो किड्यांवर राहू लागला, असं म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो.

संध्याकाळी झुंबर उंबऱ्यावर डोकं धरून बसला.

"आज काय शिकलात?" गजराबाईंनी विचारलं.

"शिकतो कसला! हातातली मरळ गेली, मामी!"

"ते मरळीनं केलं. तुम्ही काय केलंत?"

झुंबरनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाला, "जाळं टाकलं की ओढायचं, ही हाताला तीस वर्षांची सवय आहे. मला विचारायच्या आधीच हातानं ओढलं."

"हे चांगलं शिकलात. मग उद्याचं काम ठरलं."

दुसऱ्या दिवशी गजराबाईंनी दोरीचं एक टोक म्हशीच्या शिंगाला बांधलं आणि दुसरं झुंबरच्या काठीला. "म्हशीनं मान हलवली की लगेच ओढायचं नाही. आधी लेकीचं नाव घ्यायचं. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही, सावकाश. मग ओढायचं. मरळ बेडूक घेऊन खाली वळायला तेवढाच वेळ लागतो."

म्हशीनं मान हलवली. झुंबरनं ओढलं. म्हशीनं उलट ओढलं. झुंबर शेणात पडला. असं पहिल्या दिवशी अकरा वेळा झालं. पण सातव्या दिवशी म्हशीनं कितीही मान हलवली तरी झुंबरचा हात गप्प राहायचा, आणि तो डोळे मिटून म्हणायचा, "सुगंधा झुंबर घटे. सुगंधा मोतीराम लिंबोरे." नावं ऐकून ऐकून म्हैस सुगंधाच्या नावाला ओ देऊ लागली.

चौथी रेघ पडली. पौर्णिमेचा दिवस उजाडला आणि रांजण रिकामाच होता.

पहाटे झुंबर निघाला तेव्हा ठकाजी वाटेत उभा होता. त्याच्या हातात ओल्या फडक्यात काहीतरी वळवळत होतं.

"झुंबर, चेष्टा पुरे झाली," तो हळू आवाजात म्हणाला. "लेकीचा प्रश्न आहे. माझ्याकडे ही एक मरळ होती. तुझ्या गळाला अडकव आणि घरी जा. मी बोलणार नाही. तिला काय कळतंय?"

झुंबर थांबला. फडक्यातली मरळ चांगली हातभर होती. दुपारी बैलगाडी येणार. रांजणात माशाचं शेपूटसुद्धा नाही. त्यानं हात पुढे केला, आणि मग मागे घेतला.

"तिला नाही कळायचं रे," तो म्हणाला. "पण माझ्या हाताला कळेल. आत्ता कुठे तो माझं ऐकायला लागलाय."

"आणि नाहीच लागली तर?"

"तर लेकीला पिठलं वाढीन आणि चार गोष्टी काय शिकलो त्या सांगेन. शरम वाटेल. पण खोटं वाढणार नाही."

तो वाकड्या बुंध्याशी जाऊन बसला. सावली सावलीत लपवली. ऊन वर आलं. वारा पडला. एक बुडबुडा आला आणि मरळीनं हवेचा घोट घेतला. झुंबरनं बेडूक पानावर टाकला. आवाज नाही. पाण्यात सरकवला. थांबवला. पुन्हा सरकवला.

पाणी फुगलं. दोरी ताणली गेली.

हाताला खाज सुटली. बोटं वळवळली. झुंबर मोठ्यानं म्हणाला, "सुगंधा झुंबर घटे." दोरी खाली जाऊ लागली. "सुगंधा मोतीराम..." पुढचं नाव जरा उशिरा आलं. "लिंबोरे."

आणि त्यानं ओढलं.

दुपारी बैलगाडीतून उतरून सुगंधा ओसरीवर टेकली होती. तिनं दाराकडे पाहिलं आणि आत हाक मारली, "आई, दारात गोसावी आलाय. पसाभर पीठ आण गं."

मग ती डोळे बारीक करून म्हणाली, "पण गोसाव्याच्या हातात मरळ कशी?"

मरळ केवढी होती, विचारू नका. रांजणात सोडली तेव्हा बाहेर सांडलेल्या पाण्यावर शेजारच्या दोन वाफ्यांची कोथिंबीर आली. सुगंधानं दोनदा कालवण मागून घेतलं आणि ताट असं पुसून खाल्लं की ते धुवावं लागलं नाही. ठकाजीलाही वाटीभर मिळालं. तो वाटी संपवून म्हणाला, "झुंबर, खरं सांग, मरळ धरायची युक्ती काय?"

"मला कुठे ठाऊक?" झुंबर म्हणाला. "मला चार गोष्टी येतात. पाचवी मरळीनं केली."

एवढ्यात परसातून म्हशीचं मोठं रेकणं ऐकू आलं. सगळे तिकडे धावले.

म्हैस उभी होती. तिच्यावर शिंगांपासून शेपटीपर्यंत एक शिवलेलं जाळं पसरलेलं होतं, भाकरीसारखं गोल. वीस पावलांवर गजराबाई पदर खोचून उभ्या होत्या. त्यांच्या मागे भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. अकरा.

"मामी! हे काय?"

"जावयाचं बघून शिकतेय," गजराबाई धापा टाकत म्हणाल्या. "सत्तर वर्षं नुसता गळच टाकला. म्हटलं, जाळं कसं उघडतं ते तरी बघू. या आठवड्यात ते गोल उघडायला हवं होतं. उघडलं."

"पण म्हैस?"

"म्हशीचा संकल्प मी केला नव्हता हो. ती मध्ये आली."

त्यांनी कोळसा उचलला आणि बारावी रेघ ओढली.

तात्पर्य: मासा लागणं पाण्याच्या हाती असतं, शिकणं आपल्या हाती. संकल्प करायचा तर आपल्या हातातल्या लहानशा गोष्टीचा करावा, आणि ती जमली की लगेच पुढची धरावी.