तासाला एक तांब्या

"मीठ तर मी तांब्यागणिक घालत होतो. मग सोडियम खाली गेलं कसं?"

विश्वंभरने दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. परवाचा एकशे एकवीस. आजचा एकशे बारा.

डॉक्टर तांबोळीबाईंनी दोन्ही आकडे पाहिले. पलीकडच्या खाटेवर मठाचे अचलबुवा पडले होते. वय ऐंशीच्या पुढे. चादरीवर नसलेली फुलं ते एकेक करून वेचत होते.

आता विश्वंभर म्हणजे काही साधासुधा शिष्य नव्हे. बारा वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून मग मठात आलेला. बाकीचे झाडलोट करायचे, हा बुवांची तब्येत सांभाळायचा, तीही दुसऱ्या कुणाला जवळ फिरकू न देता. उन्हाळा लागला तसा त्याने तासाला एक तांब्या पाणी सुरू केलं. बुवा जेवायचे जेमतेम दोन घास, पण तांब्या मात्र रिकामा करून द्यायचे. रिकामा तांब्या बघून विश्वंभर अगदी धन्य व्हायचा.

मग बुवांचा तोल जायला लागला. बोलणं भरकटायला लागलं. विश्वंभरनेच रक्त तपासून आणलं. सोडियम कमी. एवढं कळायला डॉक्टर कशाला हवा? त्याने तांब्यात मीठ घातलं, आणि तांबे वाढवले.

"आमटी अळणी लागली," बाई म्हणाल्या, "तर दरवेळी मीठच कमी पडलेलं असतं का?"

"म्हणजे?"

"कधी कधी पाणी जास्त झालेलं असतं. हा आकडा नुसत्या मिठाचा नाही हो. अंगातल्या पाण्याच्या मानाने मीठ किती, ते तो सांगतो. यांचं मीठ फारसं कुठे गेलेलं नाही. पाणी चढलंय. मेंदूला सूज आली आहे."

विश्वंभरला हे येत होतं. येत कसलं, तो मुलांना शिकवायचा. मीठ तेवढंच ठेवा, वर पाणी ओतत जा, काय होतं बघा. पहिल्या वर्षाचा धडा.

त्याच्या तोंडाला कोरड पडली.

"मग भरभर वर आणा ना ते."

"भरभर आणलं तर मेंदूच जायचा. हळूहळू आणायचं. पाणीसुद्धा मोजून द्यायचं." बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवले. "आकडा येईल वर. माणूस किती परत येईल, ते मला नाही सांगता यायचं."

"पण ते कधी नको म्हणाले नाहीत..."

म्हणता म्हणता त्यालाच आठवलं. पुढे आलेलं परत पाठवायचं नाही, हा मठाचा नेम. साठ वर्षांत बुवांनी कुणाला नको म्हटलं नव्हतं. म्हणून तर गावातल्या बायका त्यांच्या पानात अर्धीच भाकरी वाढायच्या. अख्ख्या गावाला ते ठाऊक होतं. विश्वंभरला एवढं शिकून ते सुचलं नव्हतं.

तो उठला. खाटेपाशी जाऊन त्याने बुवांचे पाय धरले.

"बुवा, माझं चुकलं. मीच तुम्हाला..."



बुवांनी पाय हळूच आखडून घेतले.

"तुम्ही कोण?"

नऊ वर्षांत बुवांनी त्याला कधी अहोजाहो केलं नव्हतं.  तो खाली फरशीवर बसला.

"मी... इथलाच."

"मग एक काम करा." बुवांनी दाराकडे पाहिलं, आवाज बारीक केला. "आमचा विश्वंभर येईल आता तांब्या घेऊन. मी प्यायलो म्हणून सांगा त्याला."

विश्वंभरनेही दाराकडे पाहिलं.

"सांगाल ना?"

"तहान नसेल तर..." विश्वंभरने खाटेची कड धरली. "तहान नसेल तर नको म्हणा की त्याला."

बुवांनी चादरीवरून एक फूल उचललं. त्याचा हात ओढून तळहातावर ठेवलं. विश्वंभर रिकाम्या तळहाताकडे बघत राहिला.

"नको कसं म्हणू?" बुवा म्हणाले. "तहान त्याला लागते."