आगटीची बारा गाणी

"ह्यातलं सगळ्यात टाकाऊ कुठलं, तेवढं सांगा की ओ चाचा."

कासमचाचांनी मान वर केली नाही. अर्ध्या चिरलेल्या भोपळ्यात कोपरापर्यंत हात घालून ते आतला गर खरवडत होते.

"भाजी घ्यायला आलास व्हय?"

"गाणी, चाचा. गाणी म्हणतोय मी."

"गाण्यातलं टाकाऊ? ते कशाला पाहिजे तुला?"

सुकुमार मगदूमनं मोबाइल हातात फिरवला. उत्तर होतं त्याच्याकडं. पण ते ह्या म्हाताऱ्याच्या तोंडावर सांगायचं म्हणजे...

मिरजेत सतारी करणाऱ्यांची गल्ली आहे, तिथं कासमचाचांचं दुकान. दुकान कसलं, वर आढ्याला टांगलेले सतारीचे वाळके भोपळे आणि खाली चाचा, एवढाच ऐवज. वय पंच्याऐंशीच्या पुढं. उभ्या जन्मात मैफल केली नाही, पण तंबोऱ्याला कान लावून "अजून न्हाई" म्हणाले की भल्याभल्या बुवांनी तो मुकाट्यानं खाली ठेवायचा.

सुकुमार कॉलेजात असताना मोडक्या मानेची गिटार घेऊन इथं आला होता. चाचांनी गिटार नीट करून दिली आणि त्याला दोन वर्षं नुसता तंबोरा जुळवायला बसवला. बोटं शिवशिवायची, पण वाजवायचं नाही. नुसतं ऐकायचं.

पुढं त्यानं रावसाहेब चौगुल्याच्या जोडीनं रॉक बँड काढला. रावसाहेब गाणार, हा गिटार वाजवणार. नाव ठेवलं 'आगटी'. शेतात हुरडा भाजायला खड्ड्यात जाळ करतात, ती आगटी. पंधरा वर्षं गाजवली. मग एक दिवस तालमीत रावसाहेब म्हणाला, "सुक्या, जरा कमी वाजव."

झालं. सुकुमारनं गिटार उचलली आणि चालता झाला. त्याचा हिशेब असा, की आठ दिवसांत पाय धरायला येतील.

कुत्रं आलं नाही. आठ दिवसांची पंचवीस वर्षं झाली.

त्याच्या जागी सॅम्युअल लोंढे आला. चर्चमध्ये वाजवणारा, वयानं दहा वर्षांनी लहान, बोलायला गरीब. आणि दुखण्यावर डागणी म्हणजे हाही कासमचाचांच्याच हाताखालून गेलेला.

मत्सर माणसाला विंचवासारखा चावत नाही. ढेकणासारखा चावतो, रोज थोडा थोडा, आणि दाखवायला जावं तर जखम नाही. सुकुमारनं सांगलीत गिटारचा क्लास काढला, संसार केला, पण कुठंही चार माणसं जमली की त्याचं एकच. "आगटी? ती मी होतो तोवर. आता राख आहे नुसती." एकदा आगटीच्या कार्यक्रमाला गेला, तर शेवटच्या रांगेत दोन्ही हातांत चहाचा एकेक कप धरून उभा राहिला. टाळी वाजवायला लागू नये म्हणून.

आणि गेल्या महिन्यात रावसाहेबाचा फोन. पंचवीस वर्षांनी पहिला.

"बँडला चाळीस वर्षं झाली. तुझ्या वेळची गाणी लोकांना पाठ आहेत, त्याचं काही नाही. त्यानंतरच्या गाण्यांची एक तबकडी काढतोय. चोवीस गाणी आहेत, बारा घ्यायचीत. तू निवड."

"मी?"

"गावभर सांगत फिरतोस ना, तू गेल्यावर आम्ही एक धड गाणं केलं नाही म्हणून? मग तूच निवड. तू म्हणशील ती बारा, आमचा एक शब्द नाही. वर छापणार, निवड सुकुमार मगदूम."

सुकुमार लगेच हो म्हणाला. फोन ठेवायच्या आत त्याचं ठरलं होतं. बारा टाकाऊ काढायची. लोक ऐकतील आणि म्हणतील, बिचाऱ्यानं चोवीसमधनं शोधशोध शोधली, आणि ह्यापेक्षा बरं काही सापडलं नाही. सॅम्याचं नाव परत कोणी घेणार नाही.

नऊ निघाली. पुढची तीन काही केल्या निघेनात. महिना झाला, रावसाहेबाला यादी उद्या द्यायची, आणि म्हणून हा आज भरदुपारी इथं.

"कुठली नऊ?" चाचांनी विचारलं.

सुकुमारनं एकेक लावून दाखवलं. चाचा खरवडता खरवडता ऐकत होते. नववं संपलं तेव्हा म्हणाले, "भिकार हायत."

सुकुमारची छाती फुगली. "आहेत ना?"

"नऊच्या नऊ. बरोबर काढलास."

"मग आणखी तीन सांगा."

"उरली किती?"

"पंधरा."

"पंधरात तीन टाकाऊ मिळंनात तुला?"

"आहेत की. असणारच. माझं आपलं ठरेना."

चाचांनी भोपळा उलटा करून झटकला. पांढरा भुगा उडाला. सुकुमारच्या तोंडात गेला, आणि तो थुंकायला दारात धावला. कडूजहर.

"अजून कडूच आणता व्हय भोपळे?"

"गोडाला किडं लागत्यात," चाचा म्हणाले. "बस. लाव एक."

सुकुमारनं मोबाइल पुढं धरला. चाचांनी तो घेतला आणि सरळ भोपळ्यात ठेवला. गाणं घुमायला लागलं. उसाच्या ट्रॉलीमागनं सायकल मारत शाळेला जाणाऱ्या मुलीचं गाणं होतं ते.

गाणं संपलं.

"ह्यात काय वाईट?"

"ह्यात..." सुकुमार म्हणाला, "ह्यात सॅम्या आहे."

"तो सगळ्यातच हाय. दुसरं लाव."

दुसरं लागलं. आईच्या चष्म्यावरचं. संथ, रावसाहेबाचा आवाज आता खाली उतरलेला, आणि त्या आवाजाला धरून धरून चाललेली गिटार, म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून न्यावं तशी.

"हे लांबलंय," सुकुमार घाईनं म्हणाला. "सहा मिनिटं आहे. कोण ऐकणार सहा मिनिटं?"

"बरं. कुठलं कापू?"

"अं?"

"सांग की. पहिलं कडवं काढू?"

"छे! तिथं तर चष्मा हरवतो."

"मग मधलं?"

"मधलं काढलं तर शेवट कळायचा कसा ओ?"

"मग शेवटचं."

सुकुमारला स्वतःचाच राग आला. शत्रूच्या घराची राखण करायला बसल्यासारखं झालं होतं त्याचं.

"किती वेळा ऐकलीस ही गाणी?" चाचांनी विचारलं.

"एकदा. तेही निवडायचं म्हणून. न्हाईतर कोण ऐकतंय."

"एकदाच?"

"एकदाच."

"बरं. लाव तिसरं."

तिसरं लावताना सुकुमारचा चेहरा उजळला. "हे बघा, हे सापडलं. ह्याचं नाव 'बांध'. दोन भाऊ बांधावरनं भांडतात, आणि मधे, ऐन मोक्याला, गिटार यायची तिथं सॅम्या गप्प! आठ मात्रा गप्प. नुसता ड्रम. ह्याला काही सुचलंच नाही हो. आणि हे लोक नावाजतात!"

गाणं सुरू झालं. भावांची बोलाचाली झाली. आवाज चढला, चढला, आणि गिटार थांबली.

सुकुमारची बोटं मांडीवर चालायला लागली. डावा हात हवेत धरलेला, उजव्या हाताची बोटं पँटवर सपासप. आठव्या मात्रेला बरोबर थांबली, आणि थांबल्या क्षणाला गाण्यातली गिटार परत सुरू झाली. एका केसाचा फरक नाही.

चाचा बघत होते.

"एकदाच ऐकलास व्हय रे?"

सुकुमारनं हात मांडीखाली घेतले.

"परत लाव."

"कशाला आता..."

"लाव म्हणतो न्हवं."

सुकुमारनं हात बाहेर काढून गाणं लावलं. परत भांडण, परत तो चढलेला आवाज. गिटार थांबायच्या अगोदर चाचांनी आपला हात पुढं केला, भुग्यानं पांढरा झालेला, राठ, लाकडासारखा, आणि सुकुमारच्या उजव्या हातावर ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला.

गिटार थांबली.

एक. दोन. तीन...

दोन भाऊ बांधावर समोरासमोर उभे. बोलायचं ते बोलून झालेलं. आता मारायचं तरी, नाहीतर घरी जायचं. पाच... सहा... भोपळ्यात नुसता ड्रम, पोटात ठोके पडावेत तसा. सुकुमारची बोटं चाचांच्या हाताखाली धडपडली आणि निपचित झाली.

मग गिटार आली. हळू. एकच तार.

सुकुमारचा श्वास इतका वेळ कुठं होता कोणास ठाऊक. तो आता बाहेर आला.

"मी असतो," तो शेवटी म्हणाला, "तर ती जागा भरली असती."

"व्हय."

"चांगली भरली असती, चाचा."

"लई चांगली भरली असतीस," चाचा म्हणाले आणि हात काढून घेतला.

सुकुमारला वाटलं, ह्यापेक्षा मुस्काटात मारली असती तर बरं.

"दोन वर्षं," तो खालच्या आवाजात म्हणाला, "दोन वर्षं मला तंबोऱ्यापुढं बसवलंत. त्याला किती बसवलंत?"

"सहा महिनं."

"सहा महिनं! आणि हे गप्प बसणं त्याला शिकवलंत? मला का न्हाई?"

"मी कुणालाच शिकवलं न्हाई. ते शिकवता येत आसतं, तर तुला अगोदर शिकवलं आसतं. तू माझा पयला."

सुकुमार उठला. दारापर्यंत गेला. चपलेत पाय घातला आणि परत काढला.

"हे सगळं रावश्यानं मुद्दाम केलंय. मला खिजवायला. मीच निवडायची म्हणे! माझ्याच हातानं माझी..."

"रावसाहेबानं न्हाई केलं."

"मग?"

"सॅमू आला हुता. दिवाळीच्या अगोदर. हितंच बसला, तू बसलायस तिथं. म्हणला, चाचा, गाणी सुकुमारदादानंच निवडायला पाहिजेत. रावसाहेब तयार न्हाई, पण मी त्याला तयार करतो."

"का?"

"मीबी विचारलं, का. तर म्हणला, बाकीचं सगळं वाहवा करत्यात. ऐकत कोणच न्हाई."

"म्हणजे हेही त्याचंच!" सुकुमार ओरडला. "मोठेपणाही त्यानंच खायचा! माझ्यासाठी काही म्हणून शिल्लक ठेवायचं न्हाई!"

चाचा हसले. दात नव्हते, त्यामुळं ते हसणं नुसतं डोळ्यांत दिसलं.

"आरडून झालं की बस. पेन हाय न्हवं खिशात?"

सुकुमार बसला. थोडा वेळ धुसफुसला. मग खिशातनं यादीचा कागद काढला, मांडीवर पसरला, आणि नऊ गाण्यांवर नऊ आडव्या रेघा मारल्या, कागद फाटेल इतक्या जोरानं. मग खाली उरलेली पंधरा लिहायला लागला. कुठंही बघावं लागलं नाही. नावं तोंडपाठ. कोणत्या साली आलं, कोणत्या गाण्यात सॅम्यानं कुठली तार उतरवून घेतली, कुठल्या गाण्यात रावसाहेबाचा आवाज फाटला आणि त्यांनी तो तसाच ठेवला, सगळं बाजूला बारीक अक्षरात लिहीत गेला. 'बांध'पुढं त्यानं काहीच लिहिलं नाही. नुसती थोडी जागा सोडली.

चाचांनी दुसरा भोपळा घेतला, टिचकी मारून पाहिला, बाजूला ठेवला. तिसरा घेतला.

"चाचा."

"बोल."

"ही पंधरा झाली. घ्यायची बारा."

"मग तीन काढ."

सुकुमारनं कागदावर पेन फिरवलं. वरनं खाली, खालनं वर. एकावर टेकवलं आणि उचललं. दुसऱ्यावर टेकवलं. आणि मग पेन ठेवून दिलं. त्याचे डोळे भरले होते, आणि तो भुग्याच्या नावानं ते पुसत होता.

"काढवत न्हाई, चाचा. सगळीच चांगली वाटायला लागली. सकाळपर्यंत सॅम्याचं नाव निघालं तरी अंगाची आग व्हायची. पंचवीस वर्षं. आणि आता बघतो तर... काहीच न्हाई. त्याच्यावर जळायचंच सुचेना झालंय."

चाचांचा हात थांबला. त्यांनी पहिल्यांदाच मान पूर्ण वर करून त्याच्याकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात काळजी होती.

"थोडं ठेव की रे," ते म्हणाले. "अजून तीन गाणी काढायची हायत."