जांभळीचे शंभर खोपे

झाड तोडण्याआधी लाकूडतोडे बुंध्यावर ठोकून बघत, त्या काळची ही गोष्ट. वर पाखरं कलकलली, तर त्या झाडाला ते हात लावत नसत.

ओढ्याकाठच्या बाभळीवर सुगरणींचे तीनच खोपे होते. शेजारच्या जांभळीला मात्र मिरवायची भारी हौस. तिने आपली सगळी जांभळं माकडांना देऊन टाकली आणि गेल्या वर्षीचे गळून पडलेले शंभर खोपे त्यांच्याकडून फांद्यांना अडकवून घेतले.

"बघ, माझ्याकडे किती बिऱ्हाडं!" ती म्हणाली.

बाभळीच्या अंगाचा तिळपापड झाला. "बिऱ्हाडं? अगं, एका तरी खोप्यात पिल्लू आहे का? आपणहून आलेल्या बुलबुलांना उपाशी परत धाडलंस आणि हा पाचोळा मिरवतेस? लाज नाही वाटत?"

"जळतेस तू," जांभळीने नाक मुरडलं.

दुसऱ्या दिवशी लाकूडतोड्या आला. त्याने बाभळीवर ठोकताच तिन्ही खोप्यांतून एकच कालवा उठला. जांभळीवरचे शंभर खोपे बघून तो थबकला. त्याने ठोकलं, पुन्हा ठोकलं, कान देऊन ऐकलं.

"अगं, एकाला तरी हाक मार!" बाभूळ ओरडली.

खाली कुऱ्हाड उचलली गेली. वर शंभर खोपे वाऱ्यावर नुसते डोलत राहिले.