साळिंदराने उकरलेला वाफा

गळ्याची शपथ घेऊन सांगतो, ही गोष्ट अगदी खरी आहे. मी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. घडली मात्र फार फार पूर्वी, माझ्या पणजोबांचा पणजा रांगत होता तेव्हा. मग डोळे कोणाचे, ते विचारू नका. गोष्ट ऐका.

एका डोंगराच्या पायथ्याशी एका माळ्याची बाग होती. गुलाब-मोगऱ्याची नव्हे. तिथे रानातलीच फुलं होती, आणि तीही खायची. कुड्याच्या पांढऱ्या फुलांची भाजी व्हायची, हादग्याच्या फुलांची भजी व्हायची, आणि धायटीची लाल फुलं येणारीजाणारी पोरं उभ्या उभ्या चोखायची. मधमाश्या, फुलचुख्या, खारी, मुंगसं, सगळ्यांचा तिथे राबता होता. माळीण कोणाला हाकलत नसे.

"पोट सगळ्यांना दिलंय देवाने," ती म्हणे, "आपल्याला फक्त जीभ जास्त दिलीय."

पण बागेचा खरा मान होता शेवळांचा. पाऊस तोंडावर आला की पानाच्याही आधी जमिनीतून जांभळट कोंब वर येतात, ती शेवळं. उमलण्याआधी खुडायची, आतला पिवळा दांडा काढून टाकायचा आणि काकडाची आंबट फळं घालून शिजवायची. ती फळं विसरलात, तर घसा असा खवखवेल की सासूशीसुद्धा भांडता येणार नाही.

राजघराण्याचा रिवाज असा, की नांगरणीच्या सणाला राजाचा पहिला घास या बागेतल्या शेवळांचा. रानातली चालायची नाहीत, याच मातीतली हवीत. घास पोचला तर बाग माळ्याची. चुकला तर बाग राजाच्या हत्तींना बांधायला.

माळी जात्याच काळजीखोर. ढग आला तर म्हणे, बाग वाहून जाईल. ढग गेला तर म्हणे, करपेल. एकदा तो कधी नव्हे तो भल्या पहाटे उठला आणि शेवळांच्या वाफ्याकडे गेला. पाहतो तर वाफ्याचा खालचा अर्धा भाग उकरलेला! मातीचे ढीग, कुरतडलेले कंद, आणि मधोमध पडलेला एक काळा-पांढरा काटा.

"साळिंदर!" माळी मटकन खाली बसला. "मेलो गं, मेलो!"

"अहो, काट्याला अजून हातही लावला नाहीत," माळीण म्हणाली. "मरता कशाने?"

"आता हत्ती येणार. या कुड्यांवरून चालणार."

"येऊ देत. त्यांनाही भजी वाढू."

माळ्याला हसू आलं नाही. खालचा भाग गेलाच असं धरून त्याने तो सोडून दिला. वरच्या भागाला करवंदीच्या काट्यांचं दाट कुंपण घातलं. तरी जीव थाऱ्यावर येईना. कुंपणातूनही चोर शिरला, तर कळणार कसं? शेवटी त्याने घरातलं चोपणं आणलं. अंगण चोपतात तसा वाफा चोपून चोपून गुळगुळीत केला आणि वरून शेणाने सारवला. पाऊल पडलं की ठसा उमटलाच पाहिजे.

"अहो, वाफा आहे तो! आता रांगोळी काढू का त्यावर?"

"काढ. पुसली तर कळेल तरी."

रोज सकाळी तो ओणवा होऊन सारवण बघे. ठसा नसे. मग त्याची काळजी दुप्पट होई: "हलक्या पावलाने येत असेल लेकाचं!"

आभाळ भरून आलं. डोंगरावर शेवळं वर आल्याची बातमी आली. वाफा मात्र तसाच, अंगणासारखा स्वच्छ आणि मुका.

सणाच्या आदल्या दिवशी राजाचा कारभारी आला. सोबत माहूत होता. माहुताने हादग्याच्या खोडाला दोर बांधून ओढून पाहिला. "हे टिकणार नाही. मोडून टाकू," तो म्हणाला.

"माळीदादा, उद्या सकाळी येतो," कारभारी म्हणाला. "टोपली तयार ठेवा. नाहीतर बिऱ्हाड बांधून ठेवा."

ते गेल्यावर माळ्याने सारवण फोडलं. खाली कोंब होते. वर यायला वाट न मिळाल्याने वाकडे झालेले, पिवळे पडलेले, कुजलेले. तो उठला आणि कुठे चाललोय हेही न कळता खालच्या उकरलेल्या भागात जाऊन उभा राहिला. तिथे झुडपाखाली साळिंदर बसलं होतं.

"तुझ्यामुळे!" माळी ओरडला. "तुझ्यामुळे माझी बाग चालली!"

"चोपणं काय मी चालवलं?" साळिंदर म्हणालं. "तुझ्या आजोबांपासून आमचं घराणं इथे खणतंय. मोठे कंद आम्ही खातो. चिल्लीपिल्ली मातीत पडतात, मोकळ्या जागेत वाढतात, काही वर्षांनी फुलतात. उपकार-बिपकार म्हणू नकोस. मला भूक लागते म्हणून खणतो. आणि आधी तो पाय उचल."

माळ्याने पाय उचलला. टाचेखाली भुसभुशीत मातीतून एक जांभळं टोक वर आलं होतं. पलीकडे दुसरं. ढिगाआड आणखी. ज्या भागावर त्याने पाणी सोडलं होतं, तो सगळा शेवळांनी भरत होता.

दुसऱ्या सकाळी टोपली राजवाड्यात गेली. कारभारी हसत हसत परत फिरला. माळ्याने कुंपण काढलं. पण चोपलेल्या भागात पुढे कित्येक वर्षं एकही शेवळ उगवलं नाही. माळीण तिथे धान्य वाळवत असे आणि नवऱ्याला मुद्दाम राखण करायला बसवत असे.

बोध एवढाच: चोराच्या भीतीने जो माती दगडासारखी करतो, त्याचं धन चोर नेत नाही, तो स्वतःच पुरतो.

आता खोटं कुठलं, ते सांगून टाकतो. साळिंदर बोललं, ते खरं. कारभारी हसत परतला, ते मी पदरचं घातलं. तो हसला नाही. टोपलीतलं एकेक शेवळ उलटसुलट करून बघितलं, हादग्याला बांधलेला दोर तसाच ठेवला, आणि जाताना म्हणाला, "यंदाचं झालं. पुढच्या वर्षी बघू."